सौद्याआधीचा हिशेब

वऱ्हाडाला सट्टा नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 नंतर लिव्हरपूलला कापूस कमी पडू लागला आणि आपल्याकडच्या रुईला सोन्याचा भाव आला. कापसाच्या त्या पैशावर मुंबईत शेअरचं वेड पसरलं. युद्ध संपलं, कापूस कोसळला. 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. त्या सट्ट्याचे म्होरके प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत.

आज अमरावतीतला पदवीधर मुलगा आणि अकोल्यातल्या डाळमिलचा सुपरवायझर मोबाइलवर सौदे करतात. कोणता शेअर घ्यावा हे सांगणारे त्यांना पैशाला पासरी भेटतात. ऑर्डर कशी भरली जाते, एका सौद्याला खर्च किती येतो आणि कर कुठे बसतो, हे सांगणारे मात्र कमी. डावपेच कधी लागू पडतात, कधी फसतात. ऑर्डर, खर्च आणि कर या तीन गोष्टी मात्र प्रत्येक सौद्याला लागतात, म्हणून इथे भर त्यांच्यावर दिला आहे.

कोणता सौदा कोणासाठी

त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं म्हणजे इंट्राडे. आज घेऊन उद्या विकणं म्हणजे बीटीएसटी. डिलिव्हरी घेऊन चार दिवस ते चार-सहा आठवडे थांबणं म्हणजे स्विंग. फ्युचर्स आणि ऑप्शन्स हा याहून वेगळा आणि जास्त धोक्याचा प्रांत.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै 2024 मध्ये इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 या वर्षात दर दहा वैयक्तिक ट्रेडर्सपैकी सात तोट्यात होते. वर्षात 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 80 टक्के होतं. ऑप्शन्स-फ्युचर्सचं चित्र याहून वाईट आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेले. यातले बहुतेक ट्रेडर पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले.

नोकरी किंवा दुकान सांभाळणाऱ्याने इंट्राडेच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्विंगमध्ये निर्णय संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर घेता येतो. पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर टिकलेला, व्यवहार वाढत चाललेला शेअर निवडायचा आणि चुकलो तर कुठे बाहेर पडायचं ते आधीच ठरवायचं. किती शेअर घ्यायचे ते त्या बाहेर पडण्याच्या भावावरून निघतं. भांडवल 2 लाख असेल आणि एका सौद्यात त्याच्या 1 टक्क्याहून जास्त घालवायचे नसतील, तर जोखीम झाली 2,000 रुपये. खरेदी 300 ला, बाहेर पडायचं 288 ला, म्हणजे शेअरमागे 12 रुपये. 2,000 भागिले 12 म्हणजे 166 शेअर. एवढेच घ्यायचे, मित्राने कितीही खात्री दिली तरी.

ऑर्डर टाकल्यावर काय होतं

बाजार समितीत हर्रास होतो तेव्हा ढिगाभोवती उभे राहिलेले व्यापारी दिसतात. शेअर बाजारातली बोली स्क्रीनवर 'मार्केट डेप्थ'मध्ये दिसते. आधी ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर, भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा.

कमी उलाढालीच्या एखाद्या शेअरचा भाव 412 दिसतो आहे असं समजा. विक्रीच्या बाजूला 412 ला 60, 412.40 ला 40, 413.20 ला 150 आणि 415 ला 250 शेअर लागलेले आहेत. तुम्ही 500 ची मार्केट ऑर्डर दिली की ती या चारही पायऱ्या चढते. सरासरी खरेदी पडते 413.89 ला. स्क्रीनवरचा भाव आणि हातात पडलेला भाव यांत जवळपास 946 रुपये गेले, आणि ही रक्कम कुठल्याही बिलात वेगळी दिसत नाही. 413 ची लिमिट ऑर्डर दिली असती तर 100 शेअर मिळाले असते आणि उरलेले रांगेत थांबले असते. छोट्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर देऊच नये.

सव्वानऊ ते साडेनऊ या पंधरा मिनिटांत भाव सर्वांत जास्त उसळतात. रात्रभरच्या बातम्यांचा हिशेब तेव्हा चुकता होत असतो. नवख्याने तेवढा वेळ नुसतं पाहावं.

स्टॉपलॉस कुठे अडतो

स्टॉपलॉस ऑर्डरमध्ये ट्रिगरचा भाव आणि लिमिटचा भाव असे दोन आकडे असतात. 288 ट्रिगर, 287 लिमिट ठेवली आणि सकाळी शेअर थेट 275 ला उघडला, तर ट्रिगर लागतो पण ऑर्डर भरत नाही, कारण 287 द्यायला कोणी तयार नसतं. शेअर लोअर सर्किटला बंद झाला तर खरेदीदारच उरत नाही. म्हणून कंपनीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी मोठा सौदा उघडा ठेवू नये.

बीटीएसटीतही एक मेख आहे. 27 जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअर्सची पूर्तता सौद्यानंतरच्या पुढच्या कामकाजी दिवशी होते. तुम्हाला विकणाऱ्यानेच शेअर दिले नाहीत आणि तुम्ही ते पुढे विकून बसलात, तर तुमची डिलिव्हरीही चुकते आणि मामला एक्सचेंजच्या लिलावात जातो. तिथला भाव आपल्या हातात नसतो.

खर्चाचा काटा

एक लाखाचे शेअर सकाळी घेतले आणि दुपारी त्याच भावाने विकले. नफा शून्य, तोटा शून्य. आता बिल पाहा. दर ऑर्डरमागे 20 रुपये घेणाऱ्या ब्रोकरकडे दलाली 40. विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), म्हणजे 25. एक्सचेंजचं शुल्क सुमारे 6, खरेदीवरची स्टँप ड्युटी 3, आणि दलाली व शुल्कावर 18 टक्के जीएसटी साधारण 8. एकूण 82 रुपये.

82 रुपयांत काय जातं असं वाटतं. पण इंट्राडेत ब्रोकर पाचपट मार्जिन देतो, म्हणजे लाखाच्या सौद्यात तुमचे स्वतःचे 20,000 असतात. रोज असा एकच सौदा केला, तर वर्षाच्या सुमारे 245 कामकाजी दिवसांत खर्च होतो 20,000. एका रुपयाचाही तोटा न होता वर्षाअखेरीस मुद्दल संपलं. सेबीच्या इंट्राडेच्या अभ्यासात तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम नुसत्या व्यवहारखर्चात घातली होती. रोज सौदा केलाच पाहिजे या हट्टाची ही किंमत आहे.

डिलिव्हरीत एसटीटी जास्त आहे: खरेदी-विक्री दोन्हीकडे 0.1 टक्का, म्हणजे लाखामागे 200. पण महिन्यात दोन-तीनच सौदे असतील तर तो सोसतो.

ओळखीचा माल, अनोळखी शेअर

आपल्याकडे सोयाबीन, सरकी, तूर यांचे भाव रोज कानावर पडतात. त्यावरून तेल कंपन्यांचे शेअर ओळखता येतील असं अनेकांना वाटतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं. तरीही त्या हंगामात सोयाबीन बाजार समित्यांमध्ये 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. मे 2025 मध्ये शुल्क पुन्हा खाली आलं. शेअरचा भाव मलेशियातल्या पामतेलावर आणि दिल्लीतल्या अधिसूचनेवर हलतो. मोंढ्यातली आवक त्यात थोडीच मोजली जाते.

एक गोष्ट मनाला लागते. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि बंदीची मुदत वर्षानुवर्षे वाढत गेली. ज्या मालात वऱ्हाडच्या माणसाला खरी समज आणि खरी जोखीम आहे, त्याचा भाव आधी बांधून ठेवायची सोय काढून घेतली, आणि निफ्टीच्या ऑप्शनचं दार मात्र उघडं राहिलं.

डब्बा

एक्सचेंजवर न जाता परस्पर वहीत सौदे लिहिणारा डब्बा विदर्भात अजून चालतो. एसटीटी नाही, कागद नाही, हेच त्याचं आमिष. कागद नाही म्हणूनच पैसे बुडाल्यावर तक्रारीला जागा नाही. 1956 च्या रोखे करार (नियमन) कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे.

कर

डिलिव्हरी घेऊन बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे, आधी 15 होता. '12 लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकून बरेच जण निश्चिंत असतात, पण नव्या करपद्धतीतली ती सवलत या नफ्याला लागत नाही. करपात्र पगार 6 लाख आणि असा नफा 1 लाख असेल, तर पगारावर शून्य, पण नफ्यावर उपकरासह 20,800 भरावे लागतात.

इंट्राडेचं उत्पन्न सट्ट्याच्या व्यवसायाचं धरलं जातं आणि नेहमीच्या दराने त्यावर कर लागतो. त्यातला तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो आणि चार वर्षं पुढे नेता येतो. एक्सचेंजवरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा साध्या व्यवसायाचा मानतात. तो पगारातून वळता होत नाही, पण आठ वर्षं पुढे जातो. एसटीटी व्यवसायाच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा होतो, भांडवली नफ्यातून होत नाही.

शेती असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते 5,000 च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या पुढे जात असेल, तर कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी 1979 चे वर्तणूक नियमही वाचावेत. त्यात शेअर्सच्या सट्ट्याला मनाई आहे.

इंट्राडे किंवा ऑप्शन्स केले असतील तर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-3 लागतो. केवळ डिलिव्हरीचा अल्पमुदतीचा नफा असेल तर आयटीआर-2. तुमचे सौदे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आधीच नोंदलेले असतात, म्हणून विवरण भरण्यापूर्वी ब्रोकरचा नफा-तोटा अहवाल त्याच्याशी ताडून पाहावा. तोटा झाला म्हणून विवरणच न भरणारे खूप आहेत. मुदतीत विवरण गेलं नाही तर तो तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वळता करण्याचा हक्कच जातो.