नेपाळच्या शाळेत शिकवायला जायचंय?

परदेशी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायचंय, पण व्हिसाच्या भानगडी नकोत? मग नेपाळचा विचार करा. १९५० च्या करारामुळे भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारच्या भरवशावर राहू नका. इतर देशांच्या पाहुण्यांना मात्र पर्यटक व्हिसावर असं काम करायला मनाई आहे.

मी २०१८ मध्ये गोरखा जिल्ह्यात गेलो होतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर तारीख पाहिली: २०७५! तिथे विक्रम संवत चालतो, वर्ष वैशाखात सुरू होतं. तेव्हा सुट्टी शनिवारी असायची, रविवारी सकाळी शाळा. (माझा पहिला रविवार झोपेत गेला, हे कबूल.)

लिपी देवनागरीच, त्यामुळे मुलांची नावं पहिल्या दिवसापासून वाचता येतात. आपल्याकडे क्वचितच लिहिला जाणारा ‘ङ’ तिथे रोजच्या वापरात आहे. तिसरीतल्या एका पोरीने फळ्यावर ‘रङ’ लिहिलं, मी अनुस्वार देऊन ‘रंग’ केलं. तिने शांतपणे पुसलं आणि पुन्हा ‘रङ’ लिहिलं. चूक माझीच होती. त्यांच्या ‘च’चा उच्चार तर आपल्या ‘चमचा’तल्यासारखा!

एक मात्र कळकळीने सांगतो. पैसे घेऊन अनाथाश्रमात ‘शिकवायला’ पाठवणाऱ्यांपासून लांब राहा. तिथल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं घरापासून तोडली जातात. त्यापेक्षा गावच्या सामुदायिक शाळेच्या मुख्याध्यापकांशी थेट बोला, आणि पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. तेवढ्यात मुलांची नावंच जेमतेम पाठ होतात.