तळाची जाळी दिसते का?

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळ पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्या उतरताना पाण्याची खोली पायालाच कळत जाते. जवळच्या भंडारदऱ्याच्या रिसॉर्टांमधल्या निळ्या फरशीच्या तलावात तसं होत नाही. वरून पाहताना तळ खऱ्या खोलीच्या पाव हिस्सा वर आल्यासारखा भासतो: सहा फूट पाणी साडेचारच वाटतं. पोहता न येणारा तिथेच फसतो. म्हणून काठावर खोलीचे आकडे ठळक रंगवलेले हवेत आणि उथळ पाणी संपतं तिथे दोर हवा.

पोरांना पाण्यात सोडण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते का? ती दिसत नसेल, तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. शिवाय गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू क्लोरीनपासून वाचतात.

त्या जाळीतून पंप सतत पाणी ओढत असतो. जाळी तुटलेली असली, किंवा पाणी ओढणारं तोंड एकच असलं, तर केस वा अंग असं चिकटतं की मोठ्या माणसालाही सोडवणं कठीण जातं. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची एक मुलगी गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून दगावली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि 2007 साली तिथे सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. पंप बंद करायचं बटण कुठे आहे, हे तलावापाशी उभ्या प्रत्येक कामगाराला माहीत हवं.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 3328 हे मानक आहे. सामू साधारण 7.2 ते 7.8 राखायचा असतो, कारण क्लोरीनची ताकद त्यावर ठरते. सामू 7.5 असताना सुमारे निम्मा क्लोरीन जंतू मारण्याच्या कामी येतो, 8 झाला की जेमतेम पाव. मे महिन्याच्या उन्हात क्लोरीन भराभर उडतो, पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने पातळ होतो. काजव्यांच्या दिवसांत गर्दी लोटते, तेव्हा सकाळी एकदा पावडर टाकून कसं भागेल? दिवसातून अनेकदा तपासणी हवी, आणि तिची वही पाहुण्यांना पाहता यावी. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज तर साफ चुकीचा. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून तो वास तयार होतो. आधी अंघोळ करून उतरायचं ते यासाठी.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं, तेवढ्यात त्याला श्वासच घ्यायचा असतो. काठावरच्या माणसाने म्हणूनच मोबाइल बाजूला ठेवावा. कुणी बुडालं तर 108 ला फोन करायचाच, पण घाटरस्त्याने मदत येईपर्यंत थांबता येत नाही, प्राणवायूवाचून मेंदूला काही मिनिटंच मिळतात. मूल बाहेर काढून श्वास चालू नसेल, तर छाती दाबण्यासोबत तोंडाने श्वास द्यावा लागतो. राहायची खोली ठरवताना फोनवरच विचारा: हे येणारा माणूस तलावावर दिवसभर असतो का?