नऊ खुर्च्यांचे राष्ट्राध्यक्षपद

प्रजासत्ताकात राजा नसतो. परंतु राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला राजा होण्याचा मोह पडू नये यासाठी काय करावे, हा प्रश्न प्रत्येक प्रजासत्ताकापुढे कधी ना कधी उभा राहतोच. दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांनी त्याचे उत्तर घटनेच्या कलमांत शोधले आणि लष्करशहांनी ती कलमे पायदळी तुडविली. जेमतेम पस्तीस लाख लोकवस्तीच्या उरुग्वेने मात्र विसाव्या शतकात एक अभिनव उपाय योजून पाहिला. एकाच्या हाती सर्व सत्ता देणे धोक्याचे असेल, तर ती नऊ जणांत वाटून द्यावी, असा तो उपाय होता. हा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्ही वेळा संपुष्टात आला. त्याची कहाणी घटनाशास्त्राच्या अभ्यासकांइतकीच सामान्य नागरिकालाही उद्बोधक वाटावी अशी आहे.

उरुग्वेची पहिली घटना १८३० ची. तिने संसदेने निवडलेल्या अध्यक्षाच्या हाती व्यापक अधिकार दिले आणि त्या पदासाठी रक्तपात सुरू झाला. दुसरे अध्यक्ष मान्युएल ओरिबे यांना १८३८ मध्ये पदत्याग करावा लागला, तो पहिले अध्यक्ष फ्रुक्तुओसो रिवेरा यांच्या बंडामुळे. या दोघांच्या अनुयायांनी ओळखीसाठी लावलेल्या लाल व पांढऱ्या पट्ट्यांतून ‘कोलोराडो’ आणि ‘ब्लांको’ हे दोन पक्ष जन्मास आले. पुढे माँटेव्हिडिओ या राजधानीला आठ वर्षांचा वेढा पडला. १९ फेब्रुवारी १८६८ या एकाच दिवशी त्या शहरात दोन्ही पक्षांच्या एकेका माजी राष्ट्रप्रमुखाची हत्या झाली. १८९७ मध्ये तर विद्यमान अध्यक्ष हुआन इदियार्ते बोर्दा हेच राष्ट्रीय दिनी मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले.

या पार्श्वभूमीवर १९०३ मध्ये कोलोराडो पक्षाचे होसे बात्ये अध्यक्ष झाले. त्यांचे वडीलही अध्यक्ष होते. १९०४ च्या यादवी युद्धात ब्लांको सेनानी आपारिसियो साराविया प्राणास मुकले आणि साऱ्या देशावर प्रथमच एका सरकारचा अंमल बसला. असा विजय मिळालेला पुरुष सहसा अधिक सत्ता मागतो. बात्ये यांनी मुदत संपताच पद सोडले आणि चार वर्षे युरोपात काढली. तेथे स्वित्झर्लंडची सामुदायिक कार्यकारिणी त्यांच्या मनात भरली. १९११ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले आणि मार्च १९१३ मध्ये ‘एल दिया’ या आपल्या दैनिकातून त्यांनी एक योजना मांडली. अध्यक्षपद रद्द करावे, नऊ जणांचे मंडळ नेमावे आणि दरवर्षी त्यातील एक सभासद बदलावा, असे तिचे स्वरूप होते.

या योजनेने त्यांच्याच पक्षात फूट पडली. विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता. दरवर्षी एकच जागा बदलणार असेल, तर मंडळात बहुमत मिळवण्यासाठी विरोधी पक्षाला ओळीने पाच निवडणुका जिंकाव्या लागतील. मग हा सत्तेचा संकोच की पक्षाच्या सत्तेची तरतूद, असे ते विचारीत. १९१६ च्या घटनासमितीच्या निवडणुकीत बात्ये यांचा पराभव झाला. अखेर तडजोड निघाली. १९१९ पासून परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि अंतर्गत सुव्यवस्था अध्यक्षाकडे राहिली. अर्थ, शिक्षण, उद्योग आदी खाती नऊ जणांच्या राष्ट्रीय प्रशासन मंडळाकडे गेली. मंडळात सहा जागा बहुमतवाल्यांना आणि तीन अल्पमतवाल्यांना मिळाल्या. पोलीस व सैन्य मात्र एकाच हाती राहिले, आणि मर्म नेमके येथेच होते.

१९२९ मध्ये बात्ये निवर्तले. जागतिक मंदीने देशाला ग्रासले. त्यांच्याच पक्षातून १९३१ मध्ये अध्यक्ष झालेले गाब्रिएल तेरा यांनी ३१ मार्च १९३३ रोजी संसद आणि प्रशासन मंडळ दोन्ही बरखास्त केली. प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. माजी अध्यक्ष बाल्तासार ब्रुम यांनी त्याच दिवशी आपल्या घरासमोर, भर रस्त्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली. लोकशाही मरत असताना कोणी तरी मरायला हवे, असेच जणू त्यांना वाटले असावे.

दुसरा प्रयोग अधिक निर्भेळ होता. १९५१ मधील सार्वमताने अध्यक्षपद पूर्णपणे रद्द झाले आणि त्यासाठी पुढाकार घेणारे आंद्रेस मार्तिनेस त्रुएबा स्वतःच विद्यमान अध्यक्ष होते. १९५२ पासून नऊ जणांचे मंडळ हेच सरकार झाले. १९५५ पासून त्याचे अध्यक्षस्थान बहुमतवाल्या सभासदांत दरवर्षी फिरू लागले. १९५८ च्या निवडणुकीत ब्लांको पक्ष ९३ वर्षांनी विजयी झाला आणि सत्तांतर शांतपणे पार पडले. हे या व्यवस्थेचे यश मानलेच पाहिजे. परंतु कोरियन युद्धानंतर लोकर आणि मांस यांच्या निर्यातीला ओहोटी लागली, महागाई वाढली, आणि निर्णय मंडळात अडकू लागले. सरकारी उद्योगांच्या संचालकांच्या जागाही दोन पक्षांत तीनास दोन अशा वाटल्या जात. नऊ जणांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, ही भावना बळावली. नोव्हेंबर १९६६ मध्ये मतदारांनी पुन्हा एकच अध्यक्ष मागितला.

खंबीर अध्यक्ष संकट निवारील, ही आशा किती टिकली? ऑस्कर हेस्तिदो वर्षभरातच निधन पावले. त्यांच्या जागी आलेले होर्खे पाचेको आरेको यांनी संप आणि तुपामारो गनिमांचा उपद्रव यांना आणीबाणीच्या अधिकारांनी उत्तर दिले. त्यांच्यानंतरचे हुआन मारिया बोर्दाबेरी यांनी २७ जून १९७३ रोजी सैन्याच्या साहाय्याने संसद बरखास्त केली; पुढे १९७६ मध्ये त्याच सैन्याने त्यांनाही दूर सारले. १९३३, १९४२ आणि १९७३ अशी तीनदा उरुग्वेची संसद मोडली गेली आणि तिन्ही वेळा ती मोडणारा हात निवडणुकीने आलेल्या अध्यक्षाचाच होता. बात्ये यांचे निदान चुकले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

उपचार मात्र अपुरा ठरला. खुर्च्या नऊ केल्याने सत्तेची लालसा नऊ भागांत वाटली जाते, पण नाहीशी होत नाही; आणि रस्त्यावर कोणी उतरणारच नसेल, तर कोणतेही मंडळ घटनेचे रक्षण करू शकत नाही. ते रक्षण उरुग्वेच्या नागरिकांनी ३० नोव्हेंबर १९८० रोजी केले. लष्करी राजवटीने आपली सत्ता कायम करणारी घटना सार्वमताला टाकली होती. प्रचाराची साधने तिच्याच हाती होती. तरीही सुमारे ५७ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले, आणि राजवटीनेही तो कौल नाकारला नाही. १९८५ मध्ये हुलिओ मारिया सांगिनेत्ती लोकनियुक्त अध्यक्ष झाले.

तेव्हापासून दर पाच वर्षांनी १ मार्चला सत्तांतर होत आले आहे. लागोपाठ दुसरी मुदत घेण्यास घटनेची मनाई आहे आणि ती मोडण्याची भाषा यशस्वी झालेली नाही. २००५ मध्ये डाव्या आघाडीचे ताबारे वास्केस आले. २०१० मध्ये बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेले माजी तुपामारो होसे मुहिका आले आणि अध्यक्ष असतानाही ते आपल्या साध्या शेतघरातच राहिले. त्याच वर्षी बोर्दाबेरी यांना घटनाभंगासह अन्य गुन्ह्यांबद्दल तीस वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये सत्ता उजवीकडे गेली, २०२५ मध्ये यामान्दू ओर्सी यांच्याबरोबर ती डावीकडे परतली. दोन्ही वेळा पराभूत पक्ष मुकाट्याने बाजूला झाला.

आज तेथे खुर्ची एकच आहे. तिच्यावर बसणाऱ्याला ती सोडण्याचा दिवस ठाऊक असतो आणि त्या दिवसाची आठवण ठेवणारे मतदार त्याच्या समोर असतात. नऊ खुर्च्यांनी जे साधले नाही, ते या दोहोंनी आतापर्यंत साधले आहे.