देनवेच्या पाण्यावरची उन्हाळी सुटी

पांढुर्णा-सौंसर परिसरातील मराठी माणसाला उत्तरेची वाट नवी नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहण्यासाठी आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसाठी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पचमढीला जात आली आहेत. परंतु नवस नसताना, केवळ मुलाबाळांसह चार दिवस निवांत राहावे म्हणून त्या वाटेने जाणारे थोडे; डॉक्टर तर त्याहून थोडे. गोटमारीच्या दिवशी टाके घालण्यापासून वैशाखातील उष्माघातापर्यंत आपले पंचांग रुग्णांच्या पंचांगाला बांधलेले असते. तरीही गेल्या मे महिन्यात पत्नी, दोन मुले आणि माझे वडील यांना घेऊन मी पाच दिवसांसाठी दवाखान्याबाहेर पडलो. मुलांना मासे धरायचे होते, वडिलांना वन्य प्राणी पाहायचे होते. दोहोंसाठी आम्ही सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील मढई निवडले.

सौंसर, रामाकोना, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा आमचा मार्ग होता. 2015 पर्यंत नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे याच सौंसर-रामाकोन्यावरून जात असे. वडिलांनी तिच्या आठवणी छिंदवाड्यापर्यंत पुरवल्या. तामियाकडे जाताना आपण नकळत एक मोठी सीमा ओलांडतो. आपल्या जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागराला मिळते. पलीकडच्या देनवेचे पाणी मात्र तवा आणि नर्मदा यांच्यातून अरबी समुद्रात जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून दिला जातो, हे नकाशावर बोट ठेवून दाखवल्यावर मुले गप्प झाली.

मढईला राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी देनवा नावेने ओलांडावी लागते. हे पात्र म्हणजे तवा धरणाचे मागे पसरलेले पाणी. 1981 साली स्थापन झालेल्या या उद्यानात जीपबरोबरच नावेतून आणि परवानगीने पायीही जंगल पाहता येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर हिरवे गवत उगवते आणि दुपार कलताच प्राणी त्यावर उतरतात. आम्हाला गव्यांचा कळप, चितळे, सांबरे आणि वाळूवर निपचित पडलेली मगर दिसली. तेंदूची फळे पिकलेली असल्याने अस्वलाचेही दर्शन घडले. वाघ दिसला नाही. वडिलांना त्याची खंत वाटली नाही. शेकरूची एका झाडावरून दुसऱ्या झाडावरची झेप त्यांना पुरेशी झाली. कान्ह्यातून 2015 पासून बोरीच्या कुरणात आणून सोडलेल्या बारशिंग्यांची हकीकत वाटाड्याने सांगितली. नाहीशी झालेली प्रजाती माणसाच्या प्रयत्नाने पुन्हा नांदू शकते, हे ऐकणे कोणत्याही चिकित्सकाला सुखावणारेच आहे.

सर्वांत रमलो ते पाणमांजरांपाशी. पाच-सहा जणांचे ते कुटुंब रांगेने पोहत मासे उथळ पाण्याकडे हाकत होते. धाकट्याने सहज विचारले, “बाबा, त्यांना चालते, मग आपण गळ का नाही टाकायचा?” उद्यानात मासेमारीस बंदी आहे, असे मी सांगितले. तेव्हा वल्हे थांबवून नावाडी म्हणाला, “साहब, हमारे बाप-दादा का गाँव इसी पानी के नीचे है.”

त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. 1970 च्या दशकात पुऱ्या झालेल्या तवा धरणाने अनेक आदिवासी गावे उठवली. शेती गेली, पाणी आले. पण त्या पाण्यातील मासळीवर हक्क ठेकेदारांचा राहिला. दीर्घ लढ्यानंतर 1996 साली विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला जलाशयाचा ठेका मिळाला. मत्स्यबीज सोडणे, विणीच्या काळात जाळी बंद ठेवणे ही शिस्त संघाने पाळली. पुढे जलाशयाचा काही भाग संरक्षित क्षेत्रात येतो हा मुद्दा उभा राहिला आणि 2006 अखेर संपलेल्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. छिंदवाडा जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशयातही हाच पेच होता. तेथे 305 विस्थापितांच्या मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1997 साली न्यायालयाने ते परवाने रद्द केले नाहीत; छायाचित्रासह ओळखपत्र, ठरावीक वाटा, काठावर विस्तव न पेटवणे अशा अटी मात्र घातल्या. जंगल राखणे आवश्यकच आहे. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, हे नावेत बसलेल्या पाहुण्याने विसरू नये. आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणारा मजूर कधीकाळी शेतकरी किंवा कोळी असू शकतो, आणि त्याच्या रक्तक्षयाचे एक कारण त्या बुडालेल्या शेतात असू शकते.

मुलांचा हट्ट दुसऱ्या दिवशी पुरा झाला. उद्यानाबाहेर एका गावतळ्यावर मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन, ठरलेली रक्कम देऊन आम्ही बांबूच्या काठ्या, गांडुळे आणि कणकेच्या गोळ्या घेऊन बसलो. तीन तासांत दोन लहान रोहू लागले. दोन्ही परत पाण्यात गेले. थोरल्याच्या बोटात गळ रुतला, तेव्हा दवाखाना आपोआप आमच्या मागे आला. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो. तो जोराने मागे ओढला तर जखम वाढते; दोरा कापून, गळ हलू न देता डॉक्टरांकडे न्यावे आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. शेजारच्या वृद्ध कोळ्याने महाशीरची आठवण काढली. 2011 साली मध्य प्रदेशाने राज्यमासा म्हणून गौरवलेला हा मासा विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. धरणांनी ती वाट अडवली, वाळूच्या उपशाने तळ उकरला, आणि लहानपणी जाळ्यात सहज येणारा मासा त्या वृद्धाच्या नातवाने पाहिलेलाही नाही.

व्यवसायबंधूंना आग्रहाने सांगावेसे वाटते, की एकदा सहकुटुंब जाऊन यावे. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर उद्यानाचा गाभा बंद असतो, आणि 16 जून ते 15 ऑगस्ट हा राज्यात मासेमारीबंदीचा काळ. म्हणून जूनचा पहिला आठवडा ओलांडू नये. सफर पहाटेची घ्यावी, जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत, नावेत लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे. नावाड्याशी चार शब्द अवश्य बोलावेत. राहिला प्रश्न रुग्णांचा. माझे रुग्ण पाच दिवस गावातील एका सहकाऱ्याने सांभाळले. दिवाळीत त्यांचे मी सांभाळणार आहे. आपल्या संघटनेने अशी अदलाबदल रीतसर सुरू केली, तर अनेक घरांतील मुलांना आपला बाप चार दिवस सलग पाहायला मिळेल.