वीतभर मासा, दोन पाण्यांचा राजा

खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात सोडला तर काय होईल? बहुतेक मासे दगावतील. व्हाइट पर्च मात्र मजेत पोहत राहतो!

हा चंदेरी, वीतभर मासा अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा. तिथल्या चेसापीक उपसागरातलं मचूळ पाणी त्याला फार आवडतं. पाणी खूप खारं असलं की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मग तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलट! तिथे पाणी अंगात शिरतं, म्हणून स्वारी सारखी शू करते.

वसंत ऋतूत पाणी 10 ते 16 अंश सेल्सियसपर्यंत तापलं, की थवेच्या थवे नद्यांमध्ये वर चढतात. मोठी मादी लाखाहून जास्त अंडी घालते. ती चिकट अंडी दगडगोट्यांना, पाणवनस्पतींना चिकटून बसतात. आईबाप मात्र राखणीला थांबत नाहीत.

गळ टाकणारे याच दिवसांची वाट बघतात. माशाचं तोंड लहान, म्हणून गळही लहान. आमिष म्हणून गांडूळ किंवा इवलीशी कोळंबी. दोरीला थोडं वजन बांधून गळ तळाजवळ सोडायचा आणि हलकासा झटका बसला की ओढायचा. एक मासा लागला की जागा बदलायची नाही, कारण बाकीचा थवा तिथेच असतो! मासा सोडवताना मात्र जपून. पाठीवरच्या पुढच्या परात नऊ टोकदार काटे असतात.

एवढा गुणी मासा, पण काही ठिकाणी नकोसा झालाय. माणसांनी बोटींसाठी कालवे खणले. त्या वाटेने हा 1950 च्या सुमारास ऑन्टारिओ सरोवरात आणि 1953 मध्ये ईरी सरोवरात पोचला. तिथे तो वॉलआय या माशाची अंडी मटकावतो. शिवाय पिल्लांची संख्या इतकी वाढते, की छोट्या तळ्यांत खाणं पुरत नाही आणि सगळेच खुजे राहतात.

परक्या पाण्यात पोचलेला मासा तिथल्यांना असा त्रास देऊ शकतो. म्हणून दोस्तांनो, घरच्या काचपेटीतल्या माशांचा कंटाळा आला, तरी त्यांना नदी-तळ्यात सोडू नका. मासे विकणाऱ्या दुकानात परत द्या, नाहीतर माशांची आवड असलेल्या मित्राला द्या.