एक नळी, दोन कामे

एका दगडात दोन पक्षी मारण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. परंतु ज्याने प्रत्यक्ष दगड हाती धरला आहे, त्याला हेही ठाऊक असते की, पाखरे उडविण्यासाठी उचललेला खडा आणि पिकात शिरलेल्या रानडुकराला हाकलण्यासाठी उचललेला धोंडा हे दोन्ही एक नव्हेत. खडा डुकराला लागला तरी त्याला कळत नाही. आणि धोंडा पाखरापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात राहणाऱ्या शेतकऱ्यापुढे आणि शिकाऱ्यापुढे हाच प्रश्न रायफलीच्या रूपाने उभा राहतो. त्याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीला स्थान उरले नाही, आणि ते योग्यच झाले. जुन्या संस्थानी वाड्यांच्या भिंतींवर टांगलेली मुंडकी आता गतकाळाची साक्ष म्हणून तेवढी उरली आहेत. मग हा विषय आपल्याला कशासाठी? एक तर, ज्या देशांत ठरावीक हंगामात, परवाना घेऊन शिकार करण्यास मुभा आहे, तेथे हा व्यवहार कोणत्या विवेकाने चालतो हे कळावे म्हणून. आणि दुसरे असे की, एका हत्याराकडून दोन कामे घ्यावयाची तर काय मिळते आणि काय सोडावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

समजा, कोलोरॅडो राज्यात एका गृहस्थांजवळ .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक चांगली रायफल आहे. पुष्कळ वर्षांच्या वापराने तिची नळी आतून झिजली. नेम पूर्वीसारखा बसेना. रायफलीचा सांगाडा, म्हणजे बोल्ट, मॅगझिन आणि घोड्याची यंत्रणा, अजून ठणठणीत आहे. तेव्हा नवी रायफल विकत न घेता नुसती नळी बदलावी, असे त्यांच्या मनात येते. नळी बदलावयाचीच आहे, तर काडतूसही का बदलू नये? शरद ऋतूत म्यूल डिअर जातीचे हरीण आणि प्राँगहॉर्न यांची शिकार, व उन्हाळ्यात कुरणे पोखरणाऱ्या प्रेअरी डॉगचा आणि वासरांवर टपलेल्या कोयोटीचा बंदोबस्त, ही दोन्ही कामे एकाच नळीने व्हावीत, अशी त्यांची इच्छा आहे.

येथे हे सांगितले पाहिजे की, प्रेअरी डॉग हा नावापुरताच कुत्रा. वस्तुतः तो खारीच्या कुळातील, सुमारे किलोभर वजनाचा, बिळांत राहणारा प्राणी. तो दोन-तीनशे यार्डांवर बिळाच्या तोंडाशी उभा राहतो. त्याच्यासाठी हलकी, अतिवेगवान, सरळ रेषेत जाणारी गोळी हवी. उलट म्यूल डिअरचा नर सत्तर-ऐंशी किलोंचा, किंवा त्याहूनही जड. त्याच्यासाठी कातडी, स्नायू आणि बरगडी भेदून हृदय-फुप्फुसापर्यंत पोहोचणारी वजनदार गोळी हवी. ती पोहोचली नाही, तर जखमी जनावर मैलोगणती भटकत झुरून मरते. या निवडीत खरे पणाला लागलेले असते ते हे. शिकाऱ्याची हौस फुकट गेली तर त्याचे फारसे बिघडत नाही. जनावराच्या वाट्याला यातना येतात.

निवड करताना पहिली मर्यादा घालतो तो सांगाडा. काडतुसाचे बूड ज्या खाचेत बसते, ती बोल्टची तोंडाकडची बाजू ठरावीक मापाची असते. .३०८ चे बूड ०.४७३ इंच व्यासाचे. हेच माप .२४३ विंचेस्टर, ६ मिमी. रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन, .२५-०६ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमूर अशा अनेक काडतुसांना लागू पडते, कारण ती सारी त्याच जुन्या माउझर घराण्यातील आहेत. .२२३ रेमिंग्टनचे बूड मात्र केवळ ०.३७८ इंचांचे, त्यासाठी बोल्टच बदलावा लागेल. दुसरी मर्यादा मॅगझिनच्या लांबीची. .३०८ चा सांगाडा आखूड असतो. भरलेले काडतूस साधारण २.८ इंचांहून लांब असेल तर ते त्यात मावत नाही. म्हणून .२५-०६, कितीही गुणी असले, तरी सव्वातीन इंच लांबीमुळे आपोआप बाद होते.

काडतूस बदलणे म्हणजे नुसती नळी बदलणे नव्हे, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९६० च्या दशकात ईशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्या .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीला ७.६२ मिमी. काडतुसासाठी नवे रूप देण्यात आले. त्या वेळी नव्या काडतुसाचा अधिक दाब सोसण्यासाठी अधिक बळकट पोलाद वापरावे लागले आणि मॅगझिनही नव्याने घडवावे लागले. हाच इशारा जुन्या माउझर रायफली बाळगणाऱ्यांनाही लागू आहे. १८९३ व १८९५ च्या नमुन्यांना १८९८ च्या नमुन्यातील तिसरा सुरक्षा-कान नाही; त्या जुन्या सौम्य दाबासाठी घडविलेल्या आहेत. अशा सांगाड्यावर आजचे जोरकस काडतूस चढविणे म्हणजे आपल्या डोळ्यांशी जुगार खेळणे होय.

दुसरी मर्यादा कायद्याची. कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीसाठी रायफलीचा व्यास किमान ०.२४ इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, असावा लागतो. हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेन वजनाची हवी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात हजार फूट-पौंड ऊर्जा शिल्लक हवी. या एका नियमाने .२२-२५० सारखी काडतुसे हरणाच्या कामातून बाहेर पडतात. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांहून अधिक वेगाने फेकणारे ते काडतूस प्रेअरी डॉगसाठी अप्रतिम खरे. पण केवळ वेगाने जनावर कोसळत नाही, गोळीचे वजन आणि तिची बांधणीही पाहावी लागते.

अशा रीतीने गाळत गाळत आपण ६ मिलिमीटरच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो. आणि येथेच या विषयातील सर्वांत उद्बोधक कथा घडली. १९५५ साली अमेरिकेतील दोन मोठ्या कंपन्यांनी याच व्यासाची दोन काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरने .३०८ च्या पितळी कवचाची मान आवळून .२४३ केले. रेमिंग्टनने ७×५७ माउझरच्या कुळातील कवचातून .२४४ केले. दुसऱ्याचे कवच किंचित मोठे. त्यात दारू थोडी अधिक मावे. म्हणजे बळ पाहिले तर ते पहिल्याहून तसूभर सरसच. तरीही बाजाराने पहिल्याला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरविली. असे का व्हावे?

याचे उत्तर नळीच्या आतील पिळात आहे. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल आटे असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते, आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो, तशी ती हवेत न कोलमडता नाकाच्या दिशेने जात राहते. गोळी जितकी लांब, तितकी तिला अधिक जलद फिरकी लागते. वूलविचच्या गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका पूर्ण वेढ्यासाठी नळीला लागणारी लांबी. वेग फार असेल तर १५० ऐवजी १८० धरण्याची प्रथा आहे. आपल्या ०.२४३ इंच व्यासाला हे लावून पाहू. व्यासाचा वर्ग गुणिले १८० केला की सुमारे १०.६ येतात. शंभर ग्रेनच्या टोकदार गोळीची लांबी १.०५ इंच धरली, तर भागाकार येतो सुमारे १०; म्हणजे दर दहा इंचांत एक वेढा हवा. हलकी गोळी ०.८ इंच लांबीची धरली, तर तेरा इंचांत एक वेढाही पुरतो.

विंचेस्टरने आपल्या नळीला दहा इंचांचा पीळ दिला आणि शंभर ग्रेनची गोळी हरणासाठी पुढे केली. रेमिंग्टनने बारा इंचांचा मंद पीळ दिला. प्रेअरी डॉग, कोयोटी आणि हलक्या गोळ्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. जड गोळी त्यांनी नव्वद ग्रेनवरच थांबविली. बारा इंचांच्या पिळात वरच्या हिशेबाने ०.८९ इंचांहून लांब गोळी स्थिर राहण्याची खात्री नाही. ग्राहकाने विचार केला, ‘हरणासाठी शंभर ग्रेन हवे, ते या नळीत बसत नाही, मग दोन कामांसाठी ही रायफल कशाला घ्यावी?’ नव्वद आणि शंभर ग्रेनांत हरणाच्या दृष्टीने फरक थोडाच होता. परंतु एका कामासाठी घडविलेली वस्तू दोन कामांची म्हणून खपत नाही. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिमी. रेमिंग्टन या नव्या नावाने, नऊ इंचांच्या पिळाच्या नळीसह पुन्हा आणले. पण तोवर पहिली पंगत उठून गेली होती. तांत्रिक गुण असूनही ते .२४३ ची बरोबरी कधीच करू शकले नाही.

यातून आपल्या गृहस्थांनी घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. कारागिराला काडतुसाचे नाव सांगून भागत नाही. पीळही सांगावा लागतो. आज तर हे अधिकच महत्त्वाचे झाले आहे. मेलेल्या जनावराच्या अवशेषांतील शिसे खाऊन गिधाडादी पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. त्यांच्या जागी तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबे शिशाहून हलके. तेव्हा तितक्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जलद पीळ हवा. म्हणून नव्या नळीसाठी दहाऐवजी नऊ किंवा आठ इंचांचा पीळ घेणे दूरदृष्टीचे ठरेल. जलद पिळात हलकी गोळीही चालते. मंद पिळात मात्र लांब गोळी चालत नाही.

नळी एक असली तरी गोळ्या दोन ठेवाव्या लागतात, हेही विसरता कामा नये. प्रेअरी डॉगसाठी ५५ ते ७५ ग्रेनची, पातळ आवरणाची गोळी घ्यावी. ती पहिल्या आघातातच चुरा होते, त्यामुळे दगडावर आपटून भलतीकडे उसळण्याचा धोका कमी राहतो. हीच गोळी हरणाच्या खांद्यावर लागली, तर ती वरच्यावर फुटून भयंकर पण वरवरची जखम करील. हरणासाठी हवी ती संथपणे, ठरावीक मर्यादेत पसरणारी गोळी. जॉन नॉस्लर यांना १९४६ साली एका मूसच्या शिकारीत आपल्या गोळ्या आत शिरत नाहीत असा अनुभव आला. त्यातून त्यांनी मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी तयार केली आणि १९४८ पासून ती विकावयास आणली. पुढचा भाग पसरतो, मागचा भाग अखंड राहून आत जातो. मात्र दोन गोळ्यांचा नेम एकाच ठिकाणी बसेल असे समजू नये. प्रत्येकीसाठी दुर्बीण वेगळी जुळवून, आकडे टिपून ठेवावेत.

या सोयीची किंमत कोठे मोजावी लागते? नळीच्या आयुष्यात. पुष्कळ दारूचा तप्त वायू अरुंद छिद्रातून जातो, तेव्हा आट्यांच्या आरंभाचे पोलाद लवकर झिजते. .२४३ ची नळी .३०८ इतकी टिकत नाही. प्रेअरी डॉगच्या वस्तीवर एका दिवसात दोनशे काडतुसे उडविणाऱ्याने तर तापलेल्या नळीला मध्ये मध्ये विश्रांती दिलीच पाहिजे. ज्याला हेच काम मुख्य आहे, त्याने .२२३ ची वेगळी, स्वस्त रायफल ठेवावी. आणि ज्याला तीनशे किलोंच्या एल्कची शिकार करावयाची आहे, त्याने .३०८ लाच .३०८ ची नवी नळी बसवावी, किंवा २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरचा विचार करावा. नाहीतर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत व्हावयाची.

आपल्या गृहस्थांसाठी मात्र, हरीण, प्राँगहॉर्न आणि कोयोटी हे मुख्य व प्रेअरी डॉग अधूनमधून, असा हिशेब असेल तर, .२४३ विंचेस्टर आणि नऊ इंचांचा पीळ हीच निवड सुज्ञपणाची. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, धक्का .३०८ च्या मानाने पुष्कळ सौम्य, आणि काडतुसे गावच्या दुकानातही मिळणारी.

काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. काडतूस नळीच्या कोठीत बसल्यावर बोल्टच्या तोंडाशी किती जागा उरते, हे गेज घालून पाहावे लागते. एक गेज घातल्यावर बोल्ट मिटलाच पाहिजे. दुसरे घातल्यावर मिटता कामा नये. जागा जास्त राहिली, तर पितळी कवच ताणून फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळतो. आणि नव्या काडतुसाचे नाव नळीवर स्पष्ट कोरून घ्यावे. रायफल धन्याहून अधिक वर्षे जगते. उद्या ती ज्याच्या हाती जाईल, त्याला ती.३०८ ची राहिली नाही हे कसे कळावे?

ही गोळी दोन मैलांहूनही दूर जाऊ शकते. तिच्या मागे टेकाड आहे की कोणाचे घर आहे, हे कोणतेही काडतूस पाहत नाही. ते पाहण्याचे काम घोड्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाचे आहे.