ध्रुवसागरातला बहर आणि त्याचा हिशेब

बहर म्हटला की आपल्यापुढे आंब्याचा मोहोर उभा राहतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातही बहर येतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशी वनस्पतींचा, म्हणजे वनस्पतिप्लवकांचा. हिवाळी वादळांनी खोल पाण्यातली खते वर येतात. वसंतात ऊन परतले, वितळत्या बर्फाचे हलके पाणी वर पसरले, की या पेशी उजेडात टिकून भराभर वाढतात. पाणी इतके हिरवट होते की उपग्रहही तो रंग टिपतात. क्रिलपासून देवमाशापर्यंत साऱ्यांचे पोट अखेर यांच्याच जिवावर चालते.

परंतु या महासागराच्या मोठ्या भागात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असूनही बहर तुटपुंजाच असतो. असे का? ताणा चढलेला असला तरी बाण्याची कांडी नसेल तर माग थांबतो, हे आम्हां कामगारांस कोणी शिकवावयास नको. येथे उणीव लोखंडाची आहे. जमिनीवरची धूळ तिथवर फार थोडी पोचते. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास हा विचार मांडला.

त्यातून एक मोहक कल्पना निघाली: समुद्रात लोखंड घाला, बहर आणा, आणि धुराड्यांतला कार्बन तळाशी पुरून टाका! हे पारखण्यासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ साली 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. पाणी पांगू नये म्हणून एक मोठा सागरी भोवरा निवडला आणि त्यातील ३०० चौरस किलोमीटरांवर 'पोलरस्टर्न' जहाजावरून लोखंड विरघळवून सोडले.

बहर आला, पण कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी तो खाल्ला, आणि त्यांना अँफिपॉडांनी. खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला. उलट २००४ सालच्या अशाच प्रयोगात बहराचा निदान निम्मा भाग १००० मीटरच्या खाली बुडाला होता. तेव्हा सिलिकेचे कवच बांधणारे डायाटम वाढले होते. २००९ च्या पाण्यात सिलिकाच अपुरी होती. एक कांडी दिली, तर दुसरी संपलेली!

प्रयोग फसला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, त्याने चोख काम केले. उत्पादन वाढल्याच्या आकड्याने आम्ही भुलत नाही. माल कोठे गेला हे विचारतो. कार्बन किती खोल गेला आणि किती काळ तेथे राहिला, हाच बहराचा खरा ताळेबंद. २००८ साली लंडन करारातील राष्ट्रांनी शास्त्रीय संशोधनाखेरीज समुद्रात असे खत घालू देऊ नये असे ठरविले, ते योग्यच झाले. समुद्र साऱ्यांचा आहे. लोखंड टाकून धुराचे पाप धुऊन देतो, असे सांगत कोणी आला, तर आधी त्याची वही मागून पाहावी.